करपस

एझ्रामामा किहीमकर मालधक्क्यावर
एकतीस वर्षं कापसाच्या गाठी वजन करत होते.
गाठ काट्यावर चढली की
काटा थरथरून थांबेपर्यंत बोलायचं नाही,
हा माणसाचा पहिला धर्म, असं आमचे नाना म्हणत.
दुसरा धर्म शनिवारी असे.
त्या दिवशी मामा दिव्याचं बटणही दाबत नसत,
मी जाऊन दाबायचे.

आमचं घर कन्ना चौकामागं, चार माग,
पत्ती हवेत, पत्ती भुवयांवर, पत्ती आमटीत.
आमच्या तेलुगूत कापूस म्हणजे पत्ती.
समोरच्या बसम्मा कन्नडात त्यालाच हत्ती म्हणायच्या,
आणि शाळेतल्या चिटणीसबाईंना मी सांगितलं,
बसम्मांच्या गादीत दोन किलो हत्ती आहे,
तेव्हा त्यांनी वहीवर लाल शेरा मारला.

मामांचाही होळीचा सण असे. नाव तेच, होळी वेगळी.
चामड्याची गुंडाळी उलगडून ते
एका राणीची गोष्ट वाचत, उजवीकडून डावीकडं,
धोटा परत येतो तसं.
त्या वर्षी एका शब्दावर धागा तुटला.
राजाच्या मेजवानीत पडदे टांगलेत.
कशाचे? करपसचे.
"करपस म्हणजे भाजी की हो," सिम्हामामी म्हणाल्या,
"वल्हांडणाला मिठाच्या पाण्यात बुडवतो ती.
राजानं काय पाल्याचे पडदे लावले होते?"
सगळे हसले. मामा हसले नाहीत.
वजन चुकलेलं असलं की त्यांना कळायचं.

पुण्याहून जाडजूड कोश आला, रेल्वेच्याच डब्यातून.
कोश म्हणाला, हा शब्द
साऱ्या शास्त्रात एकदाच येतो.
एकदाच. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही.
भाजीचा करपस निराळा, निराळ्या वाटेनं आलेला,
नुसता अंगरखा सारखा.
हा आला फारशीतून.
फारशीत आला

रात्री अकराला मामा बनियनवरच आमच्या दारात.
चारी माग चालू. मामा ओरडले,
"कार्पास!"
"कोण पास?" नाना ओरडले.
"कार्पास हो! कापूस!"
नानांनी खटका ओढला. एकेक माग गप्प झाला.
मग त्या मोठ्या शांततेत मामांनी
माझ्या वेणीतली पत्ती चिमटीत धरली,
तळहातावर ठेवली, आणि हळू म्हणाले,
"हा गेला होता तिकडं. राजाच्या मांडवात. नाव सांगून."
नाना म्हणाले, "भाडं कुणी भरलं?"
मालधक्क्याच्या माणसाला हा प्रश्न लागला.
ते बराच वेळ विचार करत बसले.

मी चौदा वर्षांची, शहाणी.
"आणि संस्कृतात कुठून आला?"
मामांनी बोट फिरवलं, पान उलटलं.
तिथंही तो पाहुणाच असावा, असं काहींचं म्हणणं.
आणखी जुन्या कुणाच्या तोंडातला.
त्या लोकांनी काय विणलं, ते कसे हसायचे,
कापसाला हाक मारताना ओठ मिटायचे का,
कोशात नव्हतं.
मामा गप्प. काटा थांबला नव्हता.

आता मामा दिमोनाला, मुलीकडं. चौऱ्याऐंशी वर्षांचे.
फोनवर म्हणाले, वाळवंटात रात्री थंडी फार,
एक सोलापुरी चादर धाड, जुनी चौकडी,
धुऊन मऊ झालेली असली तर उत्तम.
इथं कापसाला दुसराच शब्द आहे, कुतना.
करपस म्हटलं तर भाजीवाल्याकडं पाठवतात.

हेड पोस्टात दुपारचे दोन, पंखा बंद.
फॉर्मवर रकाना होता, वस्तूचे नाव.
मी लिहिलं, करपस.
काउंटरवरच्या मुलीनं वाचलं, पुन्हा वाचलं.
"खायचं काही नाही ना मॅडम? तिकडं सोडत नाहीत."
नाही म्हटलं.
तिनं पार्सल काट्यावर ठेवलं.
लाल आकडे हलत राहिले,
एक किलो नऊशे, नऊशे दहा, परत नऊशे.
ती अजून काही विचारत होती.
मी बोलले नाही.