दोन विती, पाच बोटं

जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या दांड्या
खोपीच्या माळ्यावर पडून होत्या.
कोंबड्यांची शिट खरवडली तर खाली
अजून लखलखीत अॅल्युमिनियम.
दोन उचलल्या.
प्रत्येकी साडेत्रेपन्न सेंटीमीटर हवी,
आणि घरात टेप सापडेना.
बाबांनी पंजा ताणला, जाळ्याचे आस मोजतात तसा:
दोन विती, पाच बोटं. काप.
नंतर पट्टी लावून पाहिली,
फरक एका सुताचा.

मधला कोन एकशेवीस अंश.
तो मात्र पुतणीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं,
ज्यावर शाईनं लिहिलंय:
मृण्मयी तांडेल हिचा आहे, नेऊ नये.
केबलवाल्या कोचरेकरानं सहा मीटर वायर दिली,
वर म्हणाला, "चित्र फुकट येतला? मगे माजो धंदो बुडालो."

पाइपाला बांधून सगळं कौलांवर चढवलं,
निवतीच्या किल्ल्याकडे पाठ, उत्तर-दक्षिण आडवं.
आई अंगणातून म्हणाली,
"कावळ्यांक बसाक दांडी केलंस काय गो?"
आणि कावळा आलाच.

संध्याकाळी सहा बावन्न.
वर काही दिसत नाही, दिसायचं नसतंच.
आधी नुसती खरखर, तव्यावर मीठ तडतडावं तशी,
मग तिच्या पोटातून टिकटॉक, टिकटॉक,
सेकंदाला दोन ओळी.
रापणीचा दोर हाताला यावा तसं
करडं चित्र येत राहिलं, तेही उलटं,
कारण उपग्रह दक्षिणेकडून चढत होता:
कन्याकुमारी वर, समुद्र उजव्या हाताला,
आणि समुद्रात एक ढग
शेपूट गुंडाळून निजलेल्या मांजरासारखा.
केरळ आलं. कारवार आलं.
तो बरोबर आमच्या डोक्यावर आला
आणि आईनं मिक्सर लावला.

वीसेक ओळी पांढऱ्याफटक.
वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत काही नाही.
मिक्सर थांबला, रत्नागिरी स्वच्छ.

बाबांनी लॅपटॉप उलटा धरला,
मांजरावर बोट ठेवलं.
"ह्यो खंय जातलो?"
एका चित्रातून ते कळत नाही, मी म्हटलं.
"आणि आपला घर?"
मी त्या रेघा दाखवल्या.
आई हात पुसत आली, वाकली,
"ह्या माजा वाटाप?"
बांगड्याच्या तिखल्याचं. हो.

बाबा काही बोलले नाहीत. चपला घातल्या,
होडी दोन वाव वर ओढून बांधून आले.

सकाळी तो उत्तरेकडून उतरेल,
चित्र सुलट येईल.
मिक्सरवर चिठ्ठी लावली आहे:
सात दहा ते सात बावीस, बंद.