चोथा

मार्केट यार्डाच्या लिलावात
तेल्याच्या डागांनी नापास झालेली
दोन क्रेट भगवा डाळिंबं
रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून प्रयोगशाळेत आली.
दाणे गेले रेवणप्पा शिपायाच्या नातवंडांकडे.
मला हवी होती साल.

सावलीत वाळवली, दळली, चाळली.
पिवळट भुकटी, जिभेला लागली की
तोंड आतून आवळून धरणारी.

पहिल्या धुण्यात, मिथेनॉलमध्ये,
सुटायचं ते सुटलं,
मोकळं, बोलकं, हाकेसरशी येणारं.
आजवरचे आमचे सगळे पेपर त्याच्यावरच.
खाली उरला चोथा.
बादली जवळच होती.

तेव्हा आठवले नान्ना.
अशोक चौकामागच्या रंगाच्या हौदावर,
कोपरापर्यंत निळे.
"पहिल्या पाण्यात जातो तो कच्चा," म्हणायचे,
"जो जात नाही त्याला विचार,
कुणी धरून ठेवलाय तुला?"

तर विचारलं.
कॉस्टिक सोडा. अंधार.
नायट्रोजनचे बारीक बुडबुडे,
नाहीतर हवा लागून सगळं काळवंडतं.
चार तास मी स्टुलावर, डबा न उघडता.
पेशींच्या भिंतीत घट्ट विणलेलं काहीतरी
एकेक गाठ सोडत होतं.
हाच सोडा.
यानंच नान्नांच्या बोटांवरचे ठसे पुसले होते,
आधार केंद्रातली काच त्यांना
तीनदा ओळखेना.

मग आम्ल, थेंबाथेंबानं.
मग इथाइल अ‍ॅसिटेट, खोलीभर नेलपॉलिशचा वास.
शेवटी फोलिनचा थेंब,
आणि नळी निळी झाली.
नान्नांच्या कोपराइतकी नाही.
पण निळी.
बाटलीवर चिठ्ठी लावली:
बद्ध अंश, प. चिलवेरी.

घरी अम्माची साखर दोनशे चाळीस.
"मग साल उकळून पिऊ का गं?"
नको.
नळीत घडतं ते पोटात घडेलच असं नाही.
सांगता येतं ते इतकंच,
की बांधलेलं असतं ते जठराच्या हाती फारसं लागत नाही,
लांब जातं, मोठ्या आतड्यापर्यंत,
तिथले जंतू आपल्या सवडीनं सोडवतात त्याला.
मग कदाचित दाह कमी होत असेल.
कदाचित साखरही थोडी नमत असेल.
"कदाचित" मी अहवालात सात वेळा लिहिलं.
कोरे सरांनी तीन खोडले.
मी दोन परत लिहिले.

अम्मानं ऐकून घेतलं, गोळी घेतली,
आणि दुसऱ्या दिवशी बघते तर
गच्चीवर त्रेचाळीस अंशांच्या उन्हात
साली पसरलेल्या, चिमण्या बाजूला सारत
ती त्या उलथतेय.
"सावलीत वाळवायच्या असतात," मी म्हटलं.
"बरं," म्हणाली, हलली नाही.

खाली अंथरलेला टॉवेल
नान्नांनी रंगवलेल्या सुताचा.
किती वेळा धुतला असेल,
कुणी मोजलेलं नाही.