पावणेतीन तोळे

दौलतगंजातल्या आमच्या दुकानाला पाटी नव्हती.
आत ऐरण, शेगडी, आणि खुंट्यांना टांगलेले साचे,
पकडीसारखे, दोन मुठींचे, तोंड मिटून.

मानाजीराव वाघमोडे आले, काखेत आजोबांची रायफल.
म्हणाले, सांबर आहे. लांबून मारायचंय.
टोकदार साचा द्या, हलका.

आबा त्यांच्याकडे बघत नाहीत. नळीकडे बघतात.
मऊ शिशाचा तुकडा तेलात बुडवून
लाकडी दांडीनं ठोकत ठोकत पार नेतात.
पलीकडे तो माझ्या तळहातावर पडतो,
अंगावर आतल्या पेचांचे वळ घेऊन.
"नळी बोलली," आबा म्हणतात. "आता तुम्ही बोला."

मग फडक्यावर दोन साचे.
एक विलायती, पितळी. नाक सुईसारखं.
गोळी पावणेदोन तोळे.
दुसरा लोखंडी, काळा,
चुलतआजोबांनी कानशीनं घासून मोठा केलेला.
बोथट, सपाट नाक, अंगाला तीन खाचा
मेण नि चरबी भरायला.
पावणेतीन तोळे.

एका तोळ्याचा फरक.
पलीकडे सराफ्यात तेवढ्यावरून लग्नं मोडतात.

"किती लांबून मारता?"
"दोनशे पावलं."
आबा गप्प. मी शेगडी फुंकते.
"शंभर म्हणा."
मी शेगडी फुंकते.
"घळीत उतरल्यावर... चाळीस असतील."
"मग चाळीस पावलांचा साचा घ्या."

आबांनी दोन्ही साचे मिटून दाराच्या उजेडात धरले.
काळ्यातून काही नाही.
पितळीच्या फटीतून केसाएवढी उजेडाची रेघ.
मी पाहिली. मानाजीरावांनीही पाहिली,
आणि पागोट्याचा शेमला उगाच नीट केला.

शिसं वितळलं तशी आबांनी पेटी मागितली.
त्या वर्षी सांगवीकरांचा छापखाना हिंदीत गेला होता.
पंचांग बंद, लग्नपत्रिका बंद,
आणि हिंदीला जे लागत नाही
ते त्यांनी मोडीत काढलं, शेरावर विकलं:
पेटीभर ळ.

छापखान्याच्या खिळ्यांनी शिसं कडक होतं.
पण ओंजळभरच. जास्त पडले की गोळी ठिसूळ,
खांद्याच्या हाडावर फुटते,
"आणि जनावर तीन दिवस मरत राहतं."
जनावराबद्दल आबा एवढंच बोललेले आठवतात.
मांस खात नसत. एकादशीला साचा तापवत नसत.

मी ओंजळ सोडली.
ळ बुडाले, वर आले, एकमेकांना चिकटले.
आधी मधली गाठ सुटली, मग दोन्ही पोटं,
मग कढईत नुसतं चांदण्यासारखं काहीतरी, ज्यावर राख.

साच्याला दिव्याची काजळी धरली.
पहिल्या चार गोळ्या सुरकुतलेल्या,
साचा अजून गार. परत कढईत.
पाचवी घोंगडीवर पडली
आणि तिचा आवाजच झाला नाही,
इतकी जड.

मानाजीराव मोजत होते. मोजणी आमची हिंदीतच चालते इकडे.
"उन्नीस. बीस गोली."
आबा म्हणाले, "वीस गोळ्या,"
आणि ळवर जीभ जरा जास्तच वळवली.

सांबराचं पुढे काय झालं कुणी सांगितलं नाही.
मग शिकारच बंद झाली.
पितळी साचा एका हॉटेलवाल्यानं शोभेसाठी नेला.
काळा माझ्याकडे आहे, गंज नको म्हणून तेलाच्या चिंधीत.

परवा नातू विचारत होता,
"आजी, ह्यात काय बनायचं?"
गोळी म्हणाले. "गोली?"
गोळी. "तेच ना, गोली."

पेटीच्या तळाशी, कागदाखाली,
न वितळलेला एक निघाला.
शाई वाळून खडबडीत. अक्षर उलटं.
अंगठ्यावर दाबून धरला.
थोडा दुखला.
उचलला तेव्हा कातडीवर सुलटा उमटलेला होता,
आणि नातवाला दाखवायला हाक मारेपर्यंत
पुसटही झाला.