माया

निर्मात्याचा फोन आला तेव्हा मी पाचपावलीत
कूलरला नवी खस लावून राहिलो होतो.
"पराते, नायिका बदलली. आठच्या मालिकेतली मोठी सून येऊन राहिली.
चार प्रयोग. पोलकं बारीक करून ठेवा."
मी विचारलं, आणि सुनंदाताई?
"ताईंचं काय," तो म्हणाला, "ताई घरच्याच आहेत."

व्हरायटी चौकात फलक लागला.
सूनबाईचा चेहरा एवढा मोठा की हनुवटीखाली
नाटकाचं नाव अंग चोरून बसलेलं.
लेखक नाहीच.
ऑर्गनवाले बोकडे तर गेली चाळीस वर्षं नाहीत.

ती सकाळच्या विमानानं आली. वाईट नव्हती.
उन्हानं लालबुंद, आल्या आल्या पाणी मागितलं,
मला काका म्हणाली, हात वर करून उभी राहिली.
टेप फिरवला. ताईंपेक्षा साडेतीन इंच कमी.
"नवीन का नाही शिवत?"
आता तिला काय सांगू,
नव्या पोलक्याचे पैसे तुझ्याच विमानात बसून आले, बाई.

रात्री पोलकं उलटं केलं.
अस्तराला अकरा वर्षांचा घाम, काखेत पावडरीचा पांढरा नकाशा,
गळपट्टीशी बॉलपेननं सु. खो.,
आणि एक सेफ्टी पिन. दुसऱ्या अंकातल्या पदाला
ताई श्वास भरायच्या तेव्हा ती टोचायची,
आणि ताई ती काढू द्यायच्या नाहीत.
दोन्ही बाजूंनी आत घेतलं. कात्री लावली नाही.
माझा बाप कोष्टी, जन्मभर मागावर.
कात्री नुसती दिसली तरी शिवी द्यायचा.
म्हणायचा, शिवणीत माया ठेवत जा बावा,
माणसं जाड होतात.

हाउसफुल्ल. मी खोटं कशाला बोलू,
तीन वर्षांनी तो बोर्ड धूळ पुसून बाहेर निघाला.
ती आली, तोंड उघडायच्या आधीच मिनिटभर टाळ्या.
पुढच्या रांगांनी मोबाइल वर धरलेले,
एक बाई मोठ्यानं बोलली,
"अवो माय, हिनं त काल सासूले जहर देलं ना!"
काळी चारचं पद बोकड्यांनी काळी दोनला उतरवलेलं,
सात मिनिटांचं दीडमध्ये संपलं.
वन्स मोअर आला नाही. मध्यंतरात सेल्फीला रांग आली.

तिसऱ्या अंकाआधी विंगेत तिनं माझी बाही धरली.
भर मे महिन्यात हात गार.
"काका, पत्र वाचून झाल्यावर त्या काय करायच्या?"
म्हटलं, काहीच नाही.
पदराची गाठ सोडायच्या. परत बांधायच्या.
तिनं तेवढं केलं.
मागं कुणीतरी खोकायचं थांबलं.
कूलर फक्त ऐकू येत होते.

साडेबाराला ताईंचा फोन, प्रतापनगरहून.
"घट्ट केलं का रे?"
हो.
"कापलं त नाही ना?"
नाही. माया आहे आत.
मग बराच वेळ दोघंही बोललो नाही.
"पिन?"
आहे.
"तिले टोचली असन."
काही म्हणाली नाही.
"मंग जमन तिले," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

दिवाळीत गाण्याच्या स्पर्धेतली विजेती आली.
अंगानं भरलेली, गळ्यानं खरंच गोड,
हातात माईक नसला की हाताचं काय करायचं ठाऊक नाही.
मी शिवण उसवली. जुन्या टाक्यांची भोकं
मुंग्यांच्या रांगेसारखी उभी.
ताईंच्या मापापर्यंत आलो,
तिथं जरा थांबलो, बिडी ओढली,
मग त्याच्याही पुढं गेलो.
शेवटचं बोटभरही सोडलं.
माया पुरली नाही.

काखेत दुसऱ्या हिरव्याचा तुकडा लावला.
लांबून कळत नाही.
टीव्हीवर कळलं असतं.