वाहक लहर

हळदणकरांनी दोन्ही सेट मेणकापडावर ठेवले
आणि कपबशी जरा लांब सरकवली.
नेरूळ, तिसरा मजला. खिडकीत
नखाएवढी खाडी.

"वाइडबँड म्हणजे कसं," ते म्हणाले,
"अख्ख्या गावाशी ओळख असलेला माणूस.
घरच्यांचं किती ऐकतो, ते बघून घ्या."

पहिला नवा. रंगीत पडदा,
पडद्यावर निळा धबधबा सारखा कोसळतोय,
चार्जिंग फोनच्याच वायरनं.
दुसरा जुना, हाताला जड,
फिरवायच्या चाकाचे दात झिजलेले,
पाठीवर रंगानं 'एम. व्ही.' आणि पुढचं
जहाजाचं नाव घामानं पुसलेलं.
"आठशेच्या पुढे याला एक भोक आहे,
कारखान्यातच कापलंय. तिथलं काही ऐकू येत नाही.
मलाही या कानानं येत नाही. चाललं आमचं."

मी रबाळ्याला दिवसाला तीनशे बोर्डांना डाग देते.
ते कुठे जातात, कशात बसतात,
सुपरवायझरलाही माहीत नसावं.
एकालाही मी बोलताना ऐकलेलं नाही.

डब्याच्या पिशवीतून माझा काढला:
सात मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, एक ट्रान्झिस्टर,
भंगारातले चार कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी.
महिना झाला, जिवंत आहे की नाही कळत नव्हतं.
मीटर म्हणतो, करंट जातोय.
करंट काय, जळक्या पार्टातूनही जातो.
आणि ऐरोलीच्या घरात ऐकायचं तरी कशावर,
शेजारचा इन्व्हर्टर, डोक्यावर हाय टेन्शन,
आमचीच एलईडी ट्यूब
रातकिड्यांना लाजवेल अशी.

नव्या सेटजवळ धरला.
खरखर एकदम दबली.
"आहे जिवंत," हळदणकर म्हणाले,
"लहर आली की असंच होतं.
पण याला एवढंच कळतं,
कोणीतरी आलं आणि गप्प बसलं."

मग जुना घेतला. अंगठ्यानं मोड बदलला,
चाक एक दात पुढे,
अर्धा मागे,

आणि शीळ.
बारीक, जरा थरथरती, माझी.
मी क्रिस्टलजवळ बोट नेलं, तर ती वाकली.
फुंकर घातली, तर खाली उतरली
आणि हळूहळू परत आली जाग्यावर,
शाळेत उभं केलेल्या पोरासारखी
एका पायावर.

हळदणकर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बॅटरीची स्प्रिंग गंजलीय हं.
तीनशे कमी द्या."
मी दोनशेच कमी दिले.
व्हिनेगर घरात आहे.

रात्री यांनी विचारलं,
"काय काय येतं यावर?"
बातम्या, विमानं, खाडीतल्या बोटी,
सांगता आलं असतं.
मी म्हटलं, जरा ट्यूब बंद करा,
आणि अंधारात चाचपत
बॅटरीची क्लिप शोधू लागले.