कथा चालनात

नोंदवहीतला शेवटचा रकाना ‘इतर’.
तो मी दरवर्षी कोरा सोडतो.

बाप्तिस्मे एकेचाळीस. लग्नं नऊ. दफनं सतरा.
मोटारसायकलचा आकडा एक जानेवारीला
ड्रॉवरच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिला होता,
आज वजा केला: अठरा हजार चारशे बारा.
एवढ्यात वसईला आईकडे किती फेऱ्या झाल्या असत्या
हे मांडायला घेतलं
आणि शिंक आली.

गावाबाहेर पथारीवर मिरची वाळते आहे.
डिसेंबरात अख्खं नंदुरबार लाल असतं.
पहाटेच्या मिस्सेला ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हणावं
तर पहिल्या बाकापासून दारापर्यंत
सगळ्यांच्या शिंका,
धुपाला कोण विचारतो.

इथं आलो त्या वर्षी
नाक्यावरचा हिलालभाऊ पंक्चरवाला ओरडला होता,
‘कथा चालनात, फादर?’
मला वाटलं, गोष्टी चालू आहेत का विचारतोय.
म्हटलं, ‘हो, रविवारी असतात. या की.’
अजून हसतो तो.
अहिराणीत कथा म्हणजे कुठे.

यंदा रोज दोनदा तरी विचारलं त्यानं,
आणि मी गाडी न थांबवता ओरडलो:
तहसीलला! अकरा मुलींचे दाखले!
धडगावला! लग्न आहे!
धडगावलाच! त्याच घरात मयत!
रक्तपेढीत! सुताराकडे! पुन्हा तहसीलला,
साहेब काल जेवायला गेले ते आलेच नाहीत!
संध्याकाळी परतताना
त्यानं उत्तर ऐकलं की नाही कोण जाणे,
हवा मात्र तपासून द्यायचा.

जुलैतल्या एका मंगळवारी म्हटलं, ‘मीटिंगला.’
कंपाउंडच्या भिंतीची मीटिंग.
सहा फूट की सात.
साडेतीन तास.
फोन झग्याच्या खिशात, मुका केलेला.
सिव्हिलमध्ये दित्या,
रविवारी जन्मला म्हणून दित्या,
आठवीतला, सिकलसेलचा,
गोट्या जिंकला की खिसे फाटेस्तोवर भरणारा.
सिस्टर लुर्दिना पुढं कधीतरी, भांडी विसळताना,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
‘सारखं विचारत होता. कथा गयात फादर?’

भिंत सात फूट झाली.
चांगली झाली.
मुली तिच्यावर ओढण्या वाळत घालतात.

बागेत झाडामागं लपलेल्या पहिल्या माणसाला
देवानं हाक मारून विचारलं, ते एवढंच तर होतं.
वीस वर्षं यावर प्रवचन देतोय.
हिलालभाऊच्या भाषेत कधी ऐकलं नव्हतं.

नाताळात डोंगर रिकामा.
माणसं तोडीला गुजरातेत.
आट्या मास्तर म्हणाला, ‘गावच तिकडं,
तर इथं घंटा कोणाला वाजवायची?’
जीपमध्ये वेदीचं कापड टाकलं, दोन पातेली,
पोटावरचा टवका उडालेला बाळयेशू,
आणि बारडोलीच्या पुढं, रात्री,
पाचट सारून केलेल्या मोकळ्या जागेत
जीपच्या दिव्यांच्या उजेडात मिस्सा झाली.
ख्रिस्तशरीर घ्यायला पुढं आलेले तळवे
इतके चिरलेले
की कुठं ठेवावं कळेना.

मोगीचं मूल चार दिवसांचं.
टँकरच्या नळाखाली वाटी धरली.
मी मनातल्या मनात वार मोजला,
रविवार निघावा म्हणून.
निघाला बुधवार.
बुध्या.
नियमानं तो त्या हद्दीतल्या चर्चचा.
एकेचाळिसावा म्हणून मी इथंच लिहिला.

आता साडेअकरा झालेत.
वसतिगृहाच्या ओसरीवर कोणीतरी
सिस्टरना चुकवून जागं आहे, बांगड्या वाजतात.
‘इतर’ या रकान्यात यंदा शाईनं लिहिलं:
मीटिंग, एक. मंगळवार. साडेतीन तास.
बिशप हाउसचा क्लार्क फोन करील,
हे काय म्हणून.
करू दे.
फोन आता मुका नसतो.