आडवी रेघ आणि एन

फेब्रुवारी. रात्रीचे सव्वादोन.
आडगावच्या पॅकहाउसात
द्राक्षांच्या चारशे पेट्यांवर स्टिकर निघाले:
आधी एक आडवी रेघ, मग एन,
मग लॉट नंबर.

माझ्या लॅपटॉपवर बरोबर येत होतं,
मी फोनवर म्हटलं.
बोरसे बाई जांभई आवरत म्हणाल्या,
मग लॅपटॉपच घाल कंटेनरात.

प्रिंटरच्या मागे ते जुनं सोलारिस,
मालकांनी लिलावात घेतलेलं, पंख्याला खोकला.
ते चुकलेलं नाही, बाई म्हणाल्या.
तू एकोला काही सांगितलंस.
लिनक्सला तो हुकूम वाटला,
याला वाटलं, हेही बोलायचंय.
बोललं बिचारं.
प्रिंटएफ लिही.

मी एकेक ओळ वाचत गेले, त्या खोडत गेल्या.
दुहेरी चौकटी कंस काढ.
अ‍ॅरे कशाला? हौस?
पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता नको,
वजनकाट्याच्या बीएसडीवर तो त्या घरी राहत नाही.
आणि अवतरणं, अगं अवतरणं घाल!

ती नव्हती म्हणून
बाळू कारभारी गडाख
या नावाची फाइल उघडताना
एका माणसाचे तीन झाले होते
आणि तिघांपैकी एकाचंही वजन सापडत नव्हतं.

काचेपलीकडे सुरगाण्याच्या बाया
आपसात कोकणीत हसत होत्या.
मुकादम पुंजाराम कळवणचा, घरी अहिराणी.
पण पट्ट्यावर त्याचे शब्द मोजून चार:
उचल. ठेव. भरलं. थांब.
इतक्या वर्षांत पाचवा लागला नाही.
मी ते आजवर ऐकलं होतं,
ऐकलं म्हणजे, कानावरून गेलं होतं.

स्क्रिप्ट साठ ओळींची एक्केचाळीस झाली.
दिसायला अगदी साधी, तेल न लावलेल्या वेणीसारखी.
मला जराशी लाजच वाटली तिची.
तिन्ही यंत्रांवर चालव, बाई म्हणाल्या,
मगच झोप. मी झोपते.

पावणेचारला सोलारिसनं शून्य परत दिलं.
आमच्यात शून्य म्हणजे सगळं ठीक,
हे घरी कुणालाच पटत नाही.

बाहेर नामक्कलचा ड्रायव्हर
इंजिनाच्या धगीवर हात शेकत उभा.
त्याला मराठी नाही, मला तमिळ नाही.
त्यानं भुवया उंचावल्या.
मी अंगठा आणि तर्जनी जुळवून
शून्य दाखवलं.

त्यानं दार उघडलं.